अप्पांचं रोटेशन

आमच्या गावात निवडणूक लागल्याची बातमी तहसील कचेरीच्या आधी आमच्या अंगणातून कळायची. हापशावर निघालेल्या बायका जाता जाता आत डोकावायच्या. लिंबाखाली अप्पांची पांढरी अँबॅसिडर दगडांवर चढलेली, चारी चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली आणि अप्पा पोत्यावर मांडी घालून रॉकेलच्या डब्यात नट चोळत बसलेले दिसले, की ओळखायचं, कुठलीतरी निवडणूक आली. कारखान्याची की सोसायटीची की ग्रामपंचायतीची, हे मागाहून समजायचं.

अप्पा म्हणजे माझे सख्खे चुलते, माझे वडील त्यांना दिगू म्हणायचे. आमचं गाव नेकनूरच्या पुढं, आत डोंगराच्या अंगाला. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात. तरुणपणी अप्पांनी माजलगावच्या कालव्याच्या कामावर मुकादमी केली आणि त्या कमाईतून बीडच्या एका डॉक्टरची वापरलेली मोटार विकत आणली. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. नवरदेव मिरवायचा असो, पाहुणा स्टँडवर सोडायचा असो, लोक अप्पांकडे यायचे आणि अप्पा मोटार द्यायचे. लोक म्हणायचे, अप्पा दिलदार आहेत. तसं काही नव्हतं. अप्पांना नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच. दिलदारी आणि हे, दोन्ही लांबून सारखंच दिसतं.

कालव्यातून पाणी सोडायच्या पाळीला तिकडे रोटेशन म्हणतात. मोटारीच्या टायरलाही तोच शब्द आहे हे कळल्यावर अप्पांना कोण आनंद झाला. पुढची चाकं मागं, मागची पुढं, स्टेपनीलाही अधूनमधून रस्ता दाखवायचा. काम खोटं नाही. आमच्या रस्त्यांवर पुढचे टायर एका कडेनं खाल्ले जातात, ते असे फिरवले की सारखे झिजतात. बीडचा गॅरेजवाला हे काम चहा गार व्हायच्या आत करून देतो. अप्पांना त्याला आठवडा लागायचा. कधी मतदान लांबलं तर पंधरवडासुद्धा.

आधी जॅक लावायचा. मग दोन्ही आसांखाली दगडांचे उथळे रचायचे. चाकं काढून प्रत्येकावर खडूनं खूण करायची. मग एक चाक मांडीशी घेऊन त्याच्या नक्षीत अडकलेले खडे खिळ्यानं एकेक करून उकरायचे, गहू निवडल्यासारखे. त्यानंतर टायरला ऊन द्यायचं. ऊन झालं की सावली द्यायची. मी एकदा विचारलं, "अप्पा, हा टायर रस्त्यावर उन्हातच तर पळतो. त्याला वेगळं ऊन कशाला?"

"तुला न्हाई कळायचं ते लेका," अप्पा म्हणाले. "टायर म्हंजी घरातल्या जावा हायेत. एकीलाच म्होरं घातलं की ती झिजती, मागचीला माज येतो. समद्यांला आळीपाळीनं ठिवावं लागतं. आन् त्यात घाई करून चालत न्हाई."

घाई करून चालत नाही, हे अप्पांच्या तोंडी कायम असायचं. त्यांनी आयुष्यात एकाही गोष्टीची घाई केली नाही, त्यातही मत सांगायची तर कधीच नाही.

आमच्या भागात तेव्हा दोन पुढारी होते. एक भाऊसाहेब, कारखान्याचे चेअरमन. दुसरे वकीलसाहेब, ते चेअरमन होण्यासाठी झुरायचे. निवडणूक आली की मतदार ने-आण करायला गाड्या लागायच्या. सकाळी भाऊसाहेबांचा बबन फटफटीवर यायचा. "अप्पा, गाडी लागंल. भाऊसायबांनी सांगितलंय." अप्पा रॉकेलचे हात पुसत उठायचे. "भाऊसायबांसाठी जीव हाजीर हाय. पर बग की, रोटेशन चालूय. चाकंच न्हाईत." बबन चाकांकडे बघायचा, हसायचा आणि जायचा. दुपारी वकीलसाहेबांचा माणूस यायचा. त्यालाही तेच, "वकीलसायबांसाठी जीव हाजीर हाय" इथपासून. दोघांसाठी एकच जीव हजर आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. मतदान उरकून गुलाल उधळला की त्याच संध्याकाळी चाकं चढायची आणि अप्पा धुतलेली मोटार काढून, जो निवडून आला असेल त्याच्या वाड्यावर हार घेऊन पहिल्या रांगेत उभे राहायचे.

गावाला याची गंमत वाटायची. कालव्याला पाणी नसलं तरी अप्पांचं रोटेशन चुकत नाही, असं पारावर म्हणत. मला गंमत वाटायची नाही. माझ्या वडिलांच्या पाठचा हा माणूस, उंचापुरा, आवाजही खणखणीत, आणि साधं हो किंवा नाही विचारलं की मोटारीखाली सरपटत जायचा. एका उन्हाळ्यात टँकर वरच्या आळीच्या विहिरीत ओतायचा की खालच्या, यावरून गाव दोन्हीकडून अप्पांकडे आलं. जाणता माणूस, तुम्हीच सांगा म्हणाले. "आधी टँकर येऊ तर द्या," अप्पा म्हणाले. टँकर आला तेव्हा अप्पांचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे अप्पा मोटारीच्या पोटाखाली होते आणि तिथून ग्रीसचा डबा मागत होते.

पण एक सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. एकदा अशाच भर निवडणुकीत वस्तीवरची एक बाई अडली. भरदुपारी तिचा दीर धावत आला. अप्पांनी एक शब्द विचारला नाही. बाजेवर घालून तिला सडकेपर्यंत आणेतो चारी चाकं चढली होती. नट आवळताना अप्पांचा हात असा चालत होता की माझा विश्वास बसेना. बीडच्या दवाखान्यात तिला पोचवून, पोर झालं हे ऐकूनच ते परत आले. आणि परत आल्यावर, घाम पुसायच्या आधी, त्यांनी चारी चाकं पुन्हा काढली. मतदानाला अजून वेळ होता.

सुमनकाकू हे सगळं दारातून बघत होती. तिनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "मनावर घेतलं तर व्हतंय की सगळं." तिच्या बोलण्यात कौतुकच होतं. त्या एका दुपारच्या भरवशावर ती पुढं फसली.

काकू अप्पांच्या अगदी उलट होती. बारीक चणीची, सातवीपर्यंत शिकलेली, आणि बोलायची ते समोरच्याच्या तोंडावर. गावातल्या बायकांना गोळा करून तिनं महिलांची दूध संस्था काढली होती. सकाळी आमच्याच ओट्यावर दूध मोजलं जायचं, कॅन बीडच्या गाडीवर चढायचे. दुधाचा पैसा बाईच्या हातात पडायचा, नवऱ्याच्या नाही, ही त्या संस्थेची सगळ्यात मोठी करामत होती आणि तिच्यावर गावातले निम्मे पुरुष खार खाऊन असायचे. अप्पांना विचारलं तर म्हणायचे, "चांगलं हाय बायांचं. पर पुरुषांचंबी खरं हाय."

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. बांधावरचं गवतसुद्धा उरलं नाही. दूध आटलं, कडब्याची पेंढी बघायला मिळेना. सरकार चारा छावणी देणार असं कळलं, आणि छावणी चालवायची ती एखाद्या सहकारी संस्थेनं. आमच्या गावात तशी धड चालू असलेली संस्था एकच, काकूची. नेमकी तिची निवडणूक त्याच हंगामात आली. इतकी वर्षं जिच्याकडे भाऊसाहेबांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं त्या संस्थेसाठी त्यांनी आपल्या चुलतभावजयीचं पॅनल उभं केलं. संस्था त्यांच्या हाती गेली तर छावणी त्यांच्या हमरस्त्याच्या शेतात पडणार होती, गावापासून लांब. काकूकडे राहिली तर गावाच्या वेशीला. घरचं सांभाळून, पोरं सांभाळून रोज एवढ्या लांब गाय घेऊन जाणं कुठल्या बाईला जमणार? छावणी तिकडे गेली की गाय बाजारात जाणार, हे लहान पोरालाही कळत होतं. काकू म्हणायची, "मला अध्यक्षपदाचं कवतिक न्हाई. दावनीची गाय राहिली पायजे."

अडचण एकच होती. काकूच्या बाजूच्या बऱ्याच बायका नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. त्या माजलगावच्या पट्ट्यात तोडीवर होत्या, तिथं धरणाच्या पाण्यावर ऊस उभा होता. मतदानाला त्यांना आणल्याशिवाय जमणार नव्हतं. काकू स्वतः त्यांच्या कोप्यांवर, फडाजवळच्या झोपड्यांवर, जाऊन आली, एकेकीला भेटली. एक दिवस तोड चुकली की मुकादम खाडा धरतो, तरी त्या यायला तयार झाल्या. पहाटे सडकेला येऊन उभं राहायचं, मोटार येईल, दोन खेपांत सगळ्यांना आणायचं, असं ठरलं. गावातल्या आणि आजूबाजूच्या जीपा भाऊसाहेबांच्या पॅनलनं आधीच बांधून ठेवल्या होत्या. यष्टीनं यायचं तर तिकडची पहिली गाडीच दुपारी, ती बीडला बदलून गावात पोचेतो मतदान संपतं. आता उरली होती अप्पांची मोटार.

मोटार अर्थातच दगडांवर होती. नोकरीच्या निमित्तानं मी तेव्हा बीडला राहायचो. गाडी चालवायला अप्पांनीच मला शिकवलं होतं, म्हणून काकूनं मला रजा काढून बोलावून घेतलं. माझ्यासमोर तिनं अप्पांना विचारलं, "परवा गाडी लागंल. चाकं कधी चढवता?"

"तू सांगायची काय गरज?" अप्पा म्हणाले. "तुला न्हाई म्हनीन का मी? आदल्या रातीला रोटेशन उरकतं बग."

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बबन आला. फटफटीवरून खाली उतरलाही नाही. चाकांकडे बघितलं आणि म्हणाला, "रोटेशन चालू हाय न्हवं अप्पा? चालू द्या, चालू द्या." त्यानं ना दम दिला, ना भाऊसाहेबांचं नाव घेतलं. अप्पा मान हलवत राहिले. जेवताना म्हणाले, नट भिजायला टाकलेत, पहाटे उठून चढवतो. काकूनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पहाटे अप्पांचं अंथरूण मोकळं होतं. आम्हाला वाटलं, परसाकडे गेले असतील. वाट बघून काकूनं पदर खोचला आणि म्हणाली, "चल, आपुन चढवू." इतकी वर्षं तिनं अप्पांच्या हातात पाना दिला होता, कुठलं चाक कुठं हे तिला पाठ होतं. एकेक चाक तिनं गडगडत आणलं, मी उचलून बसवलं. चारी चाकं बोल्टांवर बसली. मग ती रॉकेलचा डबा आणायला गेली आणि रिकामा डबा घेऊन परत आली.

डब्यात एकही नट नव्हता. आम्ही पोत्याखाली बघितलं, डिकीत बघितलं, गव्हाणीत हात घातला. काकूनं चूलसुद्धा उकरली. तेवढ्यात आमच्या वडिलांनी सांगितलं, "दिगू पहिल्या गाडीनं शिरूर कासारला गेलाय. कुण्या लांबच्याच्या दहाव्याला. मला स्टँडवर दिसला." काकू मटकन ओट्यावर बसली. नट कुठं आहेत, हे तिला तेव्हाच कळलं असावं. बीडहून नवे नट आणायचे तर जाऊन-येऊन दुपार, आणि तिथून पुढं माजलगाव गाठून बायकांना आणायचं तर मतदान केव्हाच बंद. तरी मी निघत होतो. तीच म्हणाली, "बस खाली. आता काय करतोस?"

तिकडे बायका सडकेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. धुतलेली लुगडी नेसून, पोरं काखेला घेऊन. ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या प्रत्येक गाडीला हात करत होत्या, असं त्यांच्यातल्याच एकीनं पुढं सांगितलं. मग परत फडात गेल्या. मुकादमानं खाडा धरलाच. काकूचं पॅनल पडलं.

अप्पा संध्याकाळच्या गाडीनं उतरले. तंबाखूच्या पिशवीतून नट काढले, डब्यात टाकले आणि पाना घेऊन बसले. काकू समोर येऊन उभी राहिली.

"नट कुठं व्हते?"

"माझ्यापाशीच," अप्पा खाली बघून म्हणाले. "पोरं खेळत्यात अंगनात. हरवत्याल म्हनून संगं नेले."

"बरं केलं," काकू म्हणाली. "जपून ठिवा."

तेवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि अप्पांनाही वाटलं असेल. चाकं चढली. त्या संध्याकाळी हार घेऊन जायचं मात्र अप्पांना सुचलं नाही.

छावणी हमरस्त्याच्या शेतात पडली. महिन्याभरात बायका गायी घेऊन नेकनूरच्या बाजाराला जाऊ लागल्या. काकू आपली गाय घेऊन स्वतः चालत गेली. अप्पा मोटार काढून मागे मागे गेले. "बस की गं, गाय पोरगं आनंल," असं दोनदा म्हणाले. तिनं मान वळवली नाही. त्या दिवसापासून ती त्या मोटारीत बसली नाही, ती कायमचीच. पुढं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची तेव्हाही ती यष्टीनं जायची आणि अप्पा रिकामी मोटार घेऊन यष्टीच्या मागोमाग बीडपर्यंत जायचे. यष्टी थांबली की थांबायचे. रस्त्यावरचे लोक हसायचे. मीही हसलो आहे.

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुपारी लिंबाखाली बाजेवर पडले ते उठलेच नाहीत. जातानाही कुणाला त्रास दिला नाही. स्मशानात भाऊसाहेब आले, वकीलसाहेब आले, दोघांनी श्रद्धांजलीची भाषणं केली आणि दोघांनीही त्यांना अजातशत्रू म्हटलं. मी मनात म्हटलं, शत्रू व्हायलासुद्धा माणूस कुठंतरी उभा दिसावा लागतो. घरी आल्यावर काकूनं विचारलं, काय काय बोलले. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दिव्यात तेल घातलं.

पण त्यांची आठवण निघाली की मला ते भाषण आठवत नाही, मोटारीखालचे पायही आठवत नाहीत. मला आठवते ती काकूच्या पराभवानंतरची पहिली कारखान्याची निवडणूक. मी सुट्टीला गावी आलो होतो. अंगणात बघतो तर मोटार चारी चाकांवर उभी. गाव येऊन येऊन बघून जात होतं. अप्पा धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. बबनची फटफटी वाजली तशी ते उठून उभे राहिले.

"अप्पा, गाडी—" बबननं तोंड उघडलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. आवाज खणखणीत होता. पारापर्यंत गेला असेल. "गाडी देनार न्हाई मी. ह्या टायमाला न्हाई आन् म्होरंबी न्हाई. भाऊसायबांना जाऊन सांग, मी न्हाई म्हनलोय."

बबननं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला नवल वाटलं, पण फारसं नाही. "बरं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या मंग. भाऊसायबांकडं आता गाड्या लई झाल्यात. मी आपला तुमचा मान म्हनून इचारायला आलतो." त्यानं फटफटीला किक मारली आणि निघून गेला.

अप्पा तसेच उभे होते. अंगणात धूळ बसली तरी उभे होते. मग काकू जिथं ज्वारी पाखडत होती तिथं गेले.

"ऐकलंस का? न्हाई म्हनलो त्याला. त्वांडावर."

"ऐकलं."

"काय बी म्हनला न्हाई गं तो," अप्पा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "बरं म्हनला आन् गेला."

काकूनं सूप खाली ठेवलं. "इतकंच व्हतं ते," ती म्हणाली. "एवढ्यासाठी माझ्या बाया सडकंला उभ्या ऱ्हायल्या."

सूप उचलून ती आत गेली. अप्पा ओट्याच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडले, अंगणात माणसं असताना. मला त्यांची फार कीव आली. उठवायला मात्र मी गेलो नाही.